विमान टेकता टेकता पुन्हा वर का गेलं? लँडिंगमध्ये काय काय बिघडू शकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिल्लीहून पुण्याला येणारं संध्याकाळचं विमान, बाहेर पाऊस. वाघोलीकडचे दिवे अगदी खिडकीखाली आले आणि अचानक इंजिनं जोरात गर्जून विमान पुन्हा वर गेलं. दहा मिनिटं कॉकपिटमधून कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला विमान उतरलं, पण दणकन टेकलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पायलट नवशिका दिसतोय." पुढच्या काही महिन्यांत आईला घेऊन त्याच मार्गाने यायचं आहे, म्हणून तुम्ही विचारताय की तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं आणि लँडिंगला एरवी काय काय बिघडू शकतं.

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या वर्णनात विमान बिघडल्याची किंवा वैमानिक कच्चा असल्याची एकही खूण नाही. टेकण्याआधी प्रयत्न सोडून वर जाणं, म्हणजे गो-अराउंड, आणि ओल्या धावपट्टीवर ठामपणे टेकणं, या दोन्ही गोष्टी आम्ही प्रशिक्षक वैमानिकांना मुद्दाम शिकवतो आणि सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा घोटून घेतो. पहिला प्रयत्न का सोडला हे मात्र त्या विमानाचा डेटा पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. पुढे उतरलेलं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नसेल. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही पावसात धावपट्टीचे दिवे दिसले नसतील. वाऱ्याचा इशारा वाजला असेल. धावपट्टीवर कुत्रं किंवा घारी दिसल्या असतील. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हे हवाई दलाचं ठाणं आहे आणि तिथलं हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडे आहे, त्यामुळे लष्करी विमानांच्या हालचालींमुळेही वर जायला सांगितलं गेलं असेल. किंवा विमान हवं तसं स्थिर नसेल आणि दोघांपैकी एकाने ते वेळेत ओळखलं असेल. यातलं काहीही झालेलं असलं, तरी घेतलेला निर्णय बरोबरच होता.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लँडिंगचं खरं काम ऊर्जा संपवण्याचं आहे. ए३२० किंवा ७३७ जातीचं विमान उतरताना साठ टनांच्या आसपास वजनाचं असतं आणि त्याचा वेग १३० ते १४५ नॉट, म्हणजे ताशी साधारण २४० ते २७० किलोमीटर असतो. ही सगळी ऊर्जा धावपट्टी संपायच्या आत शून्यावर आणायची असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतलं गणित इथे जीवावर बेततं. १४० ऐवजी १५० नॉटने आलात तर वेग सातच टक्के जास्त असतो, पण थांबवायची ऊर्जा जवळपास पंधरा टक्के वाढलेली असते.

पुण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे वेगमापक १४० नॉट दाखवत असला तरी तीस अंश तापमानात विमान प्रत्यक्षात हवेतून सुमारे १४९ नॉटने जात असतं. वारा नसेल तर जमिनीवरचा वेगही तेवढाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ मीटर. धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. टेकायचं लक्ष्य तिच्या सुरुवातीपासून तीनशे-चारशे मीटरवर रंगवलेले जाड पांढरे पट्टे. टेकण्यासाठी पहिला एक तृतीयांश भाग वापरायचा, इथे म्हणजे साधारण ८४५ मीटर. तेवढ्यात चाकं टेकली नाहीत तर वर जायचं. चारच सेकंद जास्त तरंगलात की तीनशे मीटर गेले. लँडिंगमधल्या बहुतेक चुका शेवटी याच हिशेबात येऊन पडतात: उंची किती, वेग किती आणि पुढे धावपट्टी किती उरली.

म्हणूनच उतरण्याची परीक्षा जमिनीच्या बरीच आधी घेतली जाते. विमान तीन अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट खाली. १४० नॉट वेगाला मिनिटाला सुमारे ७०० फूट. जमिनीवरचा वेग अर्धा करून पुढे शून्य लावलं की उतरण्याचा दर मिळतो, हा आमचा तोंडी हिशेब. ढगात किंवा पावसात असाल तर धावपट्टीच्या वर १,००० फुटांना आणि हवा स्वच्छ असेल तर उशिरात उशिरा ५०० फुटांना विमान स्थिर झालेलं असलं पाहिजे. स्थिर म्हणजे चाकं खाली, फ्लॅप (पंखांच्या कडेचे बाहेर येणारे भाग) शेवटच्या ठरलेल्या जागी, वेग लक्ष्याच्या आसपास, उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांपेक्षा कमी, नाक धावपट्टीच्या रेषेत, चेकलिस्ट पूर्ण आणि इंजिनांना थोडी ताकद दिलेली.

शेवटची अट लोकांना विचित्र वाटते. उतरायचंच आहे तर इंजिन आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, का नको? कारण जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण ताकदीवर यायला वेळ लागतो, काही वेळा सात-आठ सेकंद. इंजिनं आधीच थोडी चढलेली असली की ताकद मागताच मिळते. उंच आणि वेगात आलेल्या विमानाला खाली आणायला वैमानिक इंजिनं आयडलवर ओढतो, मग वेग उतरता उतरता लक्ष्याच्याही खाली जातो, आणि त्या क्षणी ताकद मागितली तर ती मिळेपर्यंत विमान खाली बसत जातं. एक हजार फुटांवर धावपट्टीला टेकायला जेमतेम सव्वा ते दीड मिनिट उरलेलं असतं. तेवढ्या वेळात अस्थिर विमान सावरत बसणं हा जुगार आहे.

उंच आणि वेगात येण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. नियंत्रकाने जवळचा रस्ता दिला आणि उतरायला अंतर कमी पडलं. वरच्या थरात वारा मागून होता. खाली यायला उशिरा सुरुवात झाली. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं बोईंग ७३७-८०० असंच खूप उंचावरून खाली आणलं गेलं. २,४५० मीटरच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुरुवातीपासून जवळपास १,६०० मीटरवर. त्याआधी सहवैमानिकाने वर जायला सांगितलं होतं. टेकल्यावर रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवणारी झडप) उघडले गेले आणि मग पुन्हा उडायचा प्रयत्न झाला. विमान पठाराच्या कडेवरून खाली गेलं आणि १५८ जण दगावले.

यातला रिव्हर्सरचा भाग नीट समजून घ्या, कारण "मग शेवटच्या क्षणी उडायचं ना" असं पुष्कळ लोक म्हणतात. चाकं टेकल्यावरही गो-अराउंड करता येतो, पण रिव्हर्सर उघडेपर्यंतच. ते एकदा उघडले की जमिनीवर थांबायचं, मागे फिरणं नाही. रिव्हर्सर बंद होऊन इंजिनं पुन्हा पुढे ढकलायला लागेपर्यंत धावपट्टी संपलेली असते, आणि एखादा बंदच झाला नाही तर विमान उडण्याच्या लायकीचं राहत नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे हळू आणि खाली येणं. ही विशेषतः स्वयंचलित यंत्रणेवर विसंबून होते. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला बोईंग ७७७ चा ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, अशा अवस्थेत गेला होता की तो वेग राखत नव्हता, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही. लक्ष्य १३७ नॉट होतं, वेग १०३ पर्यंत घसरला, शेपूट धावपट्टीआधीच्या समुद्रभिंतीला लागली आणि तिघांचा मृत्यू झाला. २५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅमला याहून विचित्र घडलं. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरने हवेत असतानाच उणे आठ फूट दाखवलं. ऑटोथ्रॉटलला वाटलं आपण टेकलो, त्याने इंजिनं आयडलवर आणली. वेग पडत गेला, विमान शेतात कोसळलं, नऊ जण गेले. म्हणून उड्डाण चालवत नसलेल्या वैमानिकाचं त्या सव्वा मिनिटातलं मुख्य काम एकच असतं. आकडे पाहायचे आणि चूक दिसताच मोठ्याने सांगायचं: "स्पीड", "सिंक रेट" (उतरण्याचा दर).

तुमच्या प्रवासात पाऊस होता, म्हणून वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. समोरून येणारा वारा विमानाला मदत करतो आणि मागून येणारा नडतो, हे उघड आहे. मागून दहा नॉट वारा असला तर थांबायचं अंतर पंधरा-वीस टक्के वाढतं. बहुतेक विमानांची मागच्या वाऱ्याची मर्यादा दहा नॉट असते, काहींची पंधरा. पावसाळ्यात पुण्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो, म्हणून विमानं बहुधा पूर्वेकडून, वाघोलीच्या अंगाने येऊन २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरतात.

खरा धोका वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याच्या अचानक बदलण्यात आहे. वळिवाच्या ढगातून थंड हवेचा झोत खाली आदळतो आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरतो, त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. विमान त्यात शिरताना आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढतो, विमान उचललं जातं. अननुभवी माणूस इथे ताकद कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत हवा वरून खाली दाबते आणि लगेच वारा मागून येऊन वेग गिळतो. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलस-फोर्टवर्थला असंच एक मोठं विमान धावपट्टीआधीच जमिनीला लागलं आणि १३७ जणांचा बळी गेला. त्यानंतर विमानाच्या नाकातल्या रडारला असा झोत आधीच ओळखायला शिकवलं गेलं. आजच्या विमानात "विंडशिअर अहेड" असा आवाज आला की चर्चा होत नाही. पूर्ण ताकद आणि वर. तुमच्या प्रवासात इंजिनं जशी एकदम गर्जली, ती याचीही खूण असू शकते.

आडव्या वाऱ्याची भीती प्रवाशांना फार वाटते, कारण विमान खेकड्यासारखं तिरपं येताना दिसतं. ते तिरपं येणं मुद्दामच असतं. टेकण्याच्या क्षणी शेपटीवरच्या रडरने (सुकाणूने) नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली ठेवायचा. धावपट्टी ओली असली की आडव्या वाऱ्याची मर्यादा कंपन्या आणखी खाली आणतात, कारण टेकल्यावर चाकांची पकड कमी असते. बघायला भीतिदायक असलं तरी आमच्या काळजीच्या यादीत हे बरंच खाली येतं.

आता तुम्हाला जाणवलेल्या दणक्याकडे. धावपट्टीच्या टोकावरून विमान सुमारे पन्नास फुटांवरून जातं. तिसाच्या आसपास वैमानिक नाक दोन-तीन अंश वर उचलतो आणि ताकद कमी करतो. एअरबसमध्ये यंत्राचा आवाज येतो, "फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड". या काही सेकंदांत उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फुटांवरून दीडशे-दोनशेवर आणायचा असतो. विमानाचे पाय सेकंदाला दहा फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट वेगाने टेकलं तरी सोसतील असे बनवलेले असतात. म्हणजे नाक जवळजवळ उचललंच नाही, तर विमान त्या मर्यादेपलीकडे जातं. तुम्हाला दणका वाटतो तो साधारण मिनिटाला तीनशे-चारशे फुटांचा असतो, मर्यादेच्या बराच आत. खरोखरच कडक टेकलं असेल तर वैमानिकाला ते नोंदवावं लागतं, डेटा काढला जातो आणि तपासणी झाल्याशिवाय विमान पुढे जात नाही.

मऊ टेकण्याचा हट्ट किती महाग पडतो ते लोकांना माहीत नसतं. मऊ टेकण्यासाठी विमान तरंगत ठेवावं लागतं, आणि तरंगताना धावपट्टी सेकंदाला सत्तर-पंच्याहत्तर मीटरने संपत असते. शिवाय पाण्यावर अलगद टेकलं की चाकं लगेच फिरायला लागत नाहीत. चाकं फिरल्याची आणि पायांवर भार आल्याची खूण मिळाल्याशिवाय पंखांवरचे स्पॉइलर (उभे राहून पंखाची उचल मोडणारे पट्टे) आणि आपोआप लागणारे ऑटोब्रेक कामाला लागत नाहीत. म्हणून पावसात आम्ही सांगतो: ठरलेल्या जागी, ठामपणे. टाळ्या वाजवाव्यात असं गुळगुळीत लँडिंग ओल्या पट्टीवर झालं, तर मी आधी ते कुठे टेकलं ते पाहीन.

टेकून उसळणं हा वेगळा प्रकार. विमान चार-पाच फूट उसळलं तर नाक तसंच धरून ठेवायचं आणि पुन्हा बसू द्यायचं. जास्त उसळलं तर सरळ गो-अराउंड. सगळ्यात वाईट प्रतिक्रिया म्हणजे नाक खाली ढकलणं. मग पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी जोरात उसळतं आणि तिसऱ्या आदळण्यात पुढचा पाय मोडतो. याच्या उलट, नाक वर ओढत राहिलात तर लांब विमानाची शेपूट घासते.

टेकल्यावर काम संपलं असं वाटतं, पण पावसात खरी कसोटी इथून सुरू होते. पहिलं काम स्पॉइलरचं. पंखांवरचे हे पट्टे उभे राहिले की पंख उचलायचं बंद करतो आणि विमानाचं वजन चाकांवर येतं. वजन आल्याशिवाय ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. १ जून १९९९ ला लिटल रॉकला, वादळात, स्पॉइलर सज्ज करायचेच राहिले. विमान धावपट्टी ओलांडून गेलं आणि ११ जण मेले. १७ जुलै २००७ ला साओ पाउलोच्या कोंगोन्यास विमानतळावर ए३२० उतरलं. धावपट्टी १,९४० मीटर, ओली, पाणी वाहून जायला खाचा नाहीत. एका इंजिनाचा रिव्हर्सर आधीपासून बंद ठेवलेला होता. त्या इंजिनाचा लिव्हर आयडलला न येता वरच राहिला, त्यामुळे संगणकाने उतरायचं आहे हे मानलंच नाही. स्पॉइलर उघडले नाहीत, ऑटोब्रेक लागला नाही. विमान रस्ता ओलांडून इमारतीवर आदळलं, १९९ मृत्यू. यातून आलेली साधी सवय अशी की टेकताच दुसऱ्या वैमानिकाने स्पॉइलर, रिव्हर्सर आणि वेग कमी होतोय की नाही हे पाहून मोठ्याने म्हणायचं. शांत राहिलं तर काहीतरी उघडलेलं नाही असं समजायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसात एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यातून जाताना गाडीचं स्टिअरिंग क्षणभर हलकं लागतं, तेच विमानाच्या चाकांचं होतं. टायर पाण्यावर तरंगतो आणि जमिनीला लागतच नाही. टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणलं की हे कोणत्या वेगाला सुरू होतं ते नॉटमध्ये मिळतं. २०० पीएसआय दाबाला ते येतं सुमारे १२७ नॉट. न फिरणारं चाक टेकलं तर १०९ नॉटलाही तरंगतं. म्हणजे अगदी टेकण्याच्या वेगाच्या टप्प्यातच. यावर उत्तर तीन: पाणी वाहून नेणाऱ्या खाचा आणि उतार असलेली पट्टी, ठाम टेकणं, आणि रिव्हर्सर लगेच पूर्ण उघडणं. रिव्हर्सर वेग जास्त असतानाच सर्वात जास्त काम करतात. ब्रेकची पकड नसते तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत त्यांचाच आधार असतो. उशिरा उघडले तर निम्मा फायदा गेला.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. पाऊस होता, पहिला प्रयत्न सोडून दिला गेला, मग उलट्या दिशेने, मागून वारा घेऊन उतरायचं ठरलं. काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. २,७०० मीटरच्या पट्टीवर विमान १,३५० मीटरच्या आसपास टेकलं. पठारावरून खाली गेलं, २१ जण दगावले. एकेक गोष्ट सुटी घेतली तर निभावली असती. लँडिंगचे अपघात असेच होतात, एकमेकांवर चढत जाणाऱ्या छोट्या तुटीतून. १ जुलै २०१९ ला मुंबईतही जयपूरहून आलेलं ७३७ भर पावसात धावपट्टीबाहेर गेलं होतं. सुदैवाने सगळे वाचले, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

धावपट्टीवर दुसरं काही असणं ही शक्यता पुणेकरांनी हलक्यात घेऊ नये. फेब्रुवारी २०२० मध्ये लोहगावला उड्डाणासाठी धावणाऱ्या ए३२१ समोर एक जीप आली आणि वैमानिकाला विमान वेळेआधीच उचलावं लागलं. त्यात शेपटीकडचा भाग घासला, विमान पुढे दिल्लीला सुखरूप उतरलं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला उतरणारं ए३५० धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण ए३५० मधले ३७९ प्रवासी आणि कर्मचारी जळत्या विमानातून बाहेर पडले. पक्ष्यांचं म्हणाल तर विमानतळाभोवती उघड्यावर टाकलेला कचरा आणि मांसाचे तुकडे घारींना बोलावतात. हे थांबवणं वैमानिकाच्या हातात नाही, आसपास राहणाऱ्यांच्या हातात आहे.

यंत्र बिघडण्याची भीती सर्वांना असते, पण त्या बाबतीत बरीच तयारी असते. हायड्रॉलिक गेलं आणि चाकं उघडली नाहीत तर ती नुसत्या वजनाने खाली सोडायची सोय आहे. फ्लॅप अडकले तर जास्त वेगाने उतरावं लागतं आणि जास्त धावपट्टी लागते. अशा वेळी पुण्याचा हट्ट न धरता सुमारे साडेतीन किलोमीटरची पट्टी असलेल्या मुंबईला जाणं शहाणपणाचं. अशा बिघाडात घाई नसते. हवेत एक चक्कर घेऊन, चेकलिस्ट काढून, गणित करून उतरता येतं.

इथपर्यंतचं एका ओळीत: उंची, वेग, वारा आणि ओली पट्टी यांतली प्रत्येक गोष्ट धावपट्टीतले काही मीटर खाते, आणि ते मीटर परत मिळवायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे गो-अराउंड.

मग लोक तो करत का नाहीत? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की अस्थिर असूनही प्रयत्न सोडून देणारे सुमारे तीनच टक्के असतात. बाकीचे तसेच उतरतात, आणि बहुतेक वेळा निभावतं, त्यामुळे सवय लागते. धावपट्टी समोर दिसत असते, वेळापत्रक डोक्यात असतं, प्रवासी वैतागतील ही धास्ती असते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शेजारी वयाने आणि हुद्द्याने मोठे "सर" बसलेले असताना "सर, सोडून द्या" म्हणायला तरुण सहवैमानिकाची जीभ रेटत नाही. म्हणून नियम असा ठेवतात की गो-अराउंड हा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारला की तो करायचाच, चर्चा नंतर. आणि त्याबद्दल कुणावर कारवाई करायची नाही. तुमच्या शेजारच्या गृहस्थांसारखी शेरेबाजी मला म्हणूनच खटकते. प्रवासी वर जाण्याला कमीपणा समजायला लागले की तो दबाव कधी ना कधी कॉकपिटपर्यंत पोहोचतो.

दहा मिनिटं शांतता का होती तेही सांगतो. वर जायचं ठरलं की पूर्ण ताकद, नाक सुमारे पंधरा अंश वर, फ्लॅप एक पायरी आत, उंची वाढतेय हे पाहून चाकं आत. मग ठरलेली दिशा आणि उंची पकडायची, नियंत्रकाशी बोलायचं, राहिलेले फ्लॅप आत घ्यायचे, चेकलिस्ट करायची. त्यानंतर हवामान पुन्हा पाहायचं, इंधन मोजायचं, पुन्हा यायचं की दुसरीकडे जायचं ते ठरवायचं, नव्या प्रयत्नाची उजळणी करायची. क्रम ठरलेला आहे: आधी विमान उडवा, मग दिशा, मग बोलणं. प्रवाशांशी बोलणं शेवटी येतं. इंधनाची चिंताही करू नका. पर्यायी विमानतळावर जायला पुरेल एवढं आणि त्यावर तीस मिनिटांचं राखीव, एवढं घेतल्याशिवाय विमान निघतच नाही.

प्रवासी म्हणून तुमच्या हातात थोडंच आहे, पण जे आहे ते पक्कं करा. पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर, घट्ट. उतरताना पायात बूट असू द्या. बसल्या बसल्या पुढचं आणि मागचं आणीबाणीचं दार किती रांगांवर आहे ते हाताने मोजून ठेवा, कारण धुरात दिसत नाही. आईंनाही ते सांगा. बाहेर पडायची वेळ आलीच तर पिशवीला हात लावायचा नाही. हानेदाला प्रवाशांनी सामान मागेच सोडलं, सगळे वाचण्यात त्याचाही वाटा होता.

आईंचं तिकीट काढताना वेळ निवडता येत असेल तर एवढं पाहा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात वळिवाचे ढग बहुधा दुपारी तीननंतर उठतात, तेव्हा सकाळी उतरणारं विमान घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्यात आणि त्याहून जास्त दिल्लीत धुकं असतं, तेव्हा दिल्लीहून दहा-अकरानंतर सुटणारं विमान बरं पडेल. जून ते सप्टेंबर पाऊस दिवसभर असतो, वेळेने फारसा फरक पडत नाही. त्या महिन्यांत फक्त पुढची गाडी किंवा दवाखान्याची वेळ विमानाला अगदी चिकटून ठेवू नका, दोन-तीन तास मोकळे ठेवा. विमान मुंबईला किंवा हैदराबादला वळवलं तरी मग आईंची धावपळ होणार नाही.